एसक्यूएल टेबल बनवताना आणि बदलताना या चुका टाळा: ‘क्वेरी ओके’वर विसंबू नका

क्रिएट टेबलची कमांड चालवली की मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर ‘क्वेरी ओके, ० रोज अफेक्टेड’ (कमांड चालली, बदललेल्या ओळी शून्य) असं उत्तर देतं आणि आपण पुढच्या कामाला लागतो. त्या उत्तराचा अर्थ एवढाच की कमांड वाचता आली आणि चालवताना काही अडलं नाही. तुम्ही लिहिलेला प्रत्येक नियम टेबलावर लागला की नाही, याबद्दल ते काहीच बोलत नाही. डेटाबेसच्या ज्या तक्रारी सहा महिन्यांनी, ऑडिटच्या तोंडावर वर येतात, त्यांतल्या बऱ्याच इथेच जन्मलेल्या असतात. नियम लिहिला होता पण लागलाच नव्हता, किंवा लागला होता आणि नंतरच्या एखाद्या ऑल्टरने (टेबल बदलणाऱ्या कमांडने) गुपचूप काढून टाकला.

म्हणून टेबल बनवलं किंवा बदललं की लगेच त्यालाच विचारायचं, बाबा, तू आता नेमका कसा आहेस? मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट टेबल’, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये पीएसक्यूएलच्या (त्याच्या कमांड टूलच्या) प्रॉम्प्टवर बॅकस्लॅश-डी आणि पुढे टेबलाचं नाव. जे लिहिलं आणि जे दिसतंय ते जुळतं का, हे डोळ्यांनी ताडून बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. खालच्या बहुतेक चुका एवढ्यानेच पकडल्या जातात.

उदाहरणाला एका छोट्या पतसंस्थेचा हिशेब घेऊ: सभासद, कर्ज आणि हप्ते अशी तीन टेबलं. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

चेक लिहिला, पण तपासणारं कोणी नव्हतं

कर्जाच्या टेबलात, प्रत्येक नोंदीने पाळायची अट म्हणून, ‘चेक (रक्कम > ०)’ लिहिलेलं आहे, तरी आत उणे पाच हजारांचं कर्ज सापडतं. सगळे ॲप्लिकेशनच्या कोडवर तुटून पडतात. आधी सर्व्हरची आवृत्ती बघा. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंत, चेक वाचायचं आणि सोडून द्यायचं. एरर नाही, वॉर्निंग नाही. मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीमध्ये मात्र १०.२ पासून चेक खरोखर तपासला जातो, त्यामुळे ‘आमच्याकडे तर चालतं’ असं सांगणारा सहकारीही खोटं बोलत नसतो.

५.७ चा अधिकृत सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, पण जुन्या होस्टिंगवर ती आवृत्ती अजून भेटते. आणि खरी मेख पुढे आहे. ५.७ वरून ८.० वर गेलात म्हणून जुने चेक जागे होत नाहीत. ते कुठे साठवलेलेच नव्हते, तर जागं काय होणार? टेबल बनवण्याची मूळ फाइल उघडायची, त्यातले चेक शोधायचे आणि एकेक करून नव्याने लावायचे:

ऑल्टर टेबल कर्ज ॲड कन्स्ट्रेंट कर्ज_रक्कम_धन चेक (रक्कम > ०);

आता सर्व्हर आधीचा डेटाही तपासतो आणि एक जरी उणे रक्कम असली तरी एरर ३८१९ देऊन कमांड नाकारतो. आधी ‘सिलेक्ट * फ्रॉम कर्ज व्हेअर नॉट (रक्कम > ०)’ चालवून वाईट नोंदी बघा, त्यांचं काय करायचं ते हिशेबनिसाला विचारा, मग चेक लावा. त्या नोंदी परस्पर शून्य करून टाकणं हा हिशेबातला फेरफार आहे, दुरुस्ती नाही.

वरच्या कमांडमध्ये कन्स्ट्रेंटला (टेबलावरच्या नियमाला) नाव दिलंय ते हौसेखातर नाही. नाव दिलं नाही तर डेटाबेस स्वतः ठेवतो. ओरॅकल तर एसवायएस_सी आणि पुढे एक आकडा असं काहीतरी देतं, आणि तो आकडा टेस्ट सर्व्हरवर वेगळा, लाइव्ह सर्व्हरवर वेगळा. टेस्टवर नीट चाललेली ‘ड्रॉप कन्स्ट्रेंट’ची स्क्रिप्ट मग लाइव्हवर आपटते. शिवाय रात्री फोन येतो तेव्हा ‘कर्ज_रक्कम_धन मोडलं’ हे वाचून निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

चेकबद्दल आणखी एक. चेक (रक्कम > ०) असताना रक्कम नल, म्हणजे भरलेलीच नाही, अशी असेल तर? नोंद आत जाते. अट ‘खोटी’ ठरली तरच चेक अडवतो. नलशी केलेली तुलना खरीही नसते, खोटीही नसते, ‘माहीत नाही’ असते, आणि ‘माहीत नाही’ला चेक वाट देतो. हे कुठल्याही एका सॉफ्टवेअरचं खूळ नाही, एसक्यूएलच्या मानकातच तसं आहे. चेकच्या जोडीला नॉट नल हवंच.

डेटाटाइप चुकला की आकडेच सांगतात

सभासदांच्या यादीत मोबाइल नंबरच्या जागी २१४७४८३६४७ दिसला, की कॉलम इंट (पूर्णांकाचा) आहे हे न बघता सांगता येतं. इंटची ती वरची मर्यादा आहे. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि दहा आकडी असतात, म्हणजे एकही नंबर इंटमध्ये मावत नाही. अनसाइन्ड (उणे आकडे वगळलेला) केलं तरी नाही, ती मर्यादा ४२९४९६७२९५ वर संपते. स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर सर्व्हर १२६४ ही एरर देऊन हात वर करतो. तो बंद असेल तर नंबर छाटून कमाल आकडा ठेवतो आणि फक्त एक वॉर्निंग सोडतो, जी कोणी वाचत नाही. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड आपोआप चालू असतो. पण ‘जुना कोड चालत नाही’ म्हणून तो बंद केलेले सर्व्हर कमी नाहीत. ‘सिलेक्ट @@एसक्यूएल_मोड’ करून बघा.

कॉलम बिगइंट (जास्त मोठे पूर्णांक मावणारा) करून छाटलेले नंबर परत येत नाहीत. ते गेले. फॉर्म काढून पुन्हा भरणं हाच उपाय. आणि पुन्हा भरताना कॉलम वारचार (मजकुराचा) करा. ज्या आकड्यांची कधी बेरीज-वजाबाकी होणार नाही, ते आकडे दिसले तरी मजकूरच असतात: मोबाइल, आधार, पिनकोड, बँक खातं. खाते क्रमांक तर शून्याने सुरू होऊ शकतो, आणि पूर्णांकाच्या कॉलममध्ये ते पुढचं शून्य टिकत नाही.

याच जातीची दुसरी खूण म्हणजे ‘डुप्लिकेट एंट्री १२७ फॉर की प्रायमरी’. शाखांचं टेबल छोटंच राहील म्हणून कोणीतरी क्रमांकाला टायनीइंट दिलेला असतो. ऑटो-इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा क्रमांक) १२७ ला पोचतो, पुढचा आकडा नसल्यामुळे तोच पुन्हा द्यायला जातो, आणि एरर डुप्लिकेटची येते. लोक डुप्लिकेट शोधत बसतात. इंटचीही अशीच गत होते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी बेसकॅम्प ही सेवा काही तास फक्त वाचण्यापुरती उरली होती, कारण तिच्या एका गजबजलेल्या टेबलाचा क्रमांक २१४७४८३६४७ ला जाऊन भिडला होता. आपल्या पतसंस्थेला सभासदांसाठी इंट जन्मभर पुरेल, तिथे उगाच बिगइंटचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. लॉग, एसएमएस, मशिनकडून येणाऱ्या नोंदी यांना मात्र पहिल्याच दिवशी बिगइंट द्या.

आता पैसे. फ्लोट नको, हे सगळ्यांना पाठ असतं, पण का ते बघा. १२३४५६.७८ ही रक्कम फ्लोटमध्ये १२३४५६.७८१२५ अशी साठते, कारण त्या आकाराच्या संख्यांसाठी फ्लोटला पैशापैशाचा फरक नेमका धरता येत नाही. एका हप्त्यात कळत नाही, वर्षअखेरीच्या ताळेबंदात कळतं. म्हणून डेसिमल. पण डेसिमलमध्येही दोन खड्डे आहेत. डेसिमल(१०,२) म्हणजे एकूण दहा आकडे, त्यांतले दोन दशांशानंतरचे. दशांशाआधी दहा नव्हे, आठच. कमाल रक्कम ९,९९,९९,९९९.९९, म्हणजे दहा कोटींना एक पैसा कमी. एका हप्त्याला भरपूर, संस्थेच्या एकूण ठेवींना अपुरं पडू शकतं.

दुसरा खड्डा जास्त वाईट. घाईत कोणी कंस न लावता नुसतं ‘डेसिमल’ लिहितो. मायएसक्यूएल ते डेसिमल(१०,०) समजतं. १२५०.५० रुपये टाकले की १२५१ होतात. स्ट्रिक्ट मोड असूनही एरर येत नाही, कारण गोल करणं ही त्याच्या लेखी चूकच नाही. फक्त एक ‘नोट’ पडते, आणि ती ‘शो वॉर्निंग्ज’ विचारल्याशिवाय दिसत नाही. पोस्टग्रेसमध्ये मात्र नुसतं न्यूमेरिक लिहिलं तर पैसे जसेच्या तसे राहतात. एका डेटाबेसवर शिकलेला माणूस दुसऱ्यावर गेला की नेमका इथे पाय घसरतो.

मराठी नावांची गंमत वेगळी. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाखाली वर्षानुवर्षं तीन बाइटांचाच प्रकार मिळत आला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतं, त्यामुळे मराठीत टेस्टिंग करणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. मग कोणीतरी व्हॉट्सॲपवरून मजकूर चिकटवतं, त्यात हात जोडल्याचा इमोजी असतो, त्याला चार बाइट लागतात, आणि ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ ही १३६६ नंबरची एरर येते. नवीन टेबल नेहमी यूटीएफ८एमबी४ मध्येच बनवा.

ओरॅकलवर प्रश्न लांबीचा येतो. ‘महाराष्ट्र’ लिहायला किती जागा? वाचताना चार अक्षरं. साठवताना काना आणि हलन्त धरून दहा चिन्हं, यूटीएफ८ मध्ये तीस बाइट. ओरॅकलचं वारचार२(२०) सहसा वीस बाइट मोजतं, म्हणजे ‘महाराष्ट्र’ आत जाणार नाही आणि ओआरए-१२८९९ येईल. वारचार२(२० चार) असं स्पष्ट लिहा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस चिन्हं मोजतात, तरी तिथेही आडनावाला वीसची मर्यादा देताना जोडाक्षरांचा विचार करा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर कॉलम एनवारचार नाही, किंवा मजकुराच्या अवतरणाआधी एन लावायचा राहिला आहे. प्रश्नचिन्हं एकदा साठली की मूळ नाव परत मिळत नाही.

युनिक, पॅन आणि रिकामी चौकट

पॅन नंबर दोघांचा सारखा असू नये म्हणून युनिक लावला. बरोबर. पण पॅन नसलेले सभासदही आहेत. पहिला नोंदवला जातो, दुसऱ्याला ‘डुप्लिकेट एंट्री’ आणि पुढे रिकामं अवतरण. इथे दोष युनिकचा नाही. फॉर्ममधली रिकामी चौकट कोडने रिकामी स्ट्रिंग म्हणून पाठवली, आणि दोन रिकाम्या स्ट्रिंगा एकमेकींसारख्याच असतात. कोडमध्ये रिकाम्याचं नल करा, आणि टेबलातही ‘चेक (पॅन <> '')’ लावून ठेवा, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी लिहिलेल्या इम्पोर्टमधून तोच कचरा येणार नाही.

नल केल्यावर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस कितीही नल चालवून घेतात. एसक्यूएल सर्व्हर एकच नल मान्य करतं, तिथे ‘व्हेअर पॅन इज नॉट नल’ अशी अट घालून फिल्टर केलेला युनिक इंडेक्स (शोधासाठीची सूची) बनवावा लागतो. पोस्टग्रेस १५ पासून ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ लिहून नल एकदाच येऊ द्यायची सोय आहे. ओरॅकलमध्ये तर रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल, त्यामुळे वरची एरर तिथे येतच नाही.

फॉरिन की: असलेली, नसलेली आणि नको तिथली

फॉरिन की म्हणजे या टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे, हा नियम. कर्जाच्या टेबलात असं लिहिलेलं अनेकदा दिसतं:

सभासद_क्र इंट नॉट नल रेफरन्सेस सभासद(क्र)

पोस्टग्रेसमध्ये हे चालतं, ओरॅकलमध्येही चालतं. मायएसक्यूएल ९.० च्या आधी, म्हणजे २०२४ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांत, कॉलमच्या ओळीतला हा रेफरन्सेस वाचून टाकून दिला जायचा. चेकसारखंच, मुकाट. फॉरिन की वेगळ्या ओळीवर लिहायची:

कन्स्ट्रेंट कर्ज_सभासद_एफके फॉरिन की (सभासद_क्र) रेफरन्सेस सभासद(क्र)

आणि ‘शो क्रिएट टेबल’मध्ये ती ओळ दिसते का बघायचं. दिसत नसेल आणि आवृत्तीही जुनी नसेल, तर शेवटी इंजिन (टेबल साठवणारा भाग) कुठलं लिहिलंय ते वाचा. मायआयसॅम असेल तर फॉरिन की विसरा. इनोडीबी ५.५ पासून आपोआप मिळतं, पण जुन्या डंपमधून (डेटाबेसच्या प्रतीच्या फाइलमधून) आलेली टेबलं आपलं जुनं इंजिन सोबत घेऊन येतात. मोबाइल ॲपसाठी एसक्यूलाइट वापरत असाल तर फॉरिन की लिहूनही तपासणी बंदच असते. प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर ‘प्राग्मा फॉरिन_कीज = ऑन’ द्यावं लागतं, एकदा देऊन भागत नाही.

फॉरिन की लावताना येणारी प्रसिद्ध एरर म्हणजे १२१५, ‘कॅनॉट ॲड फॉरिन की कन्स्ट्रेंट’. का नाही, ते ती सांगत नाही. ८.० मध्ये बऱ्याचदा ३७८० येते आणि ती निदान कॉलमांची नावं तरी सांगते. कारण शंभरात नव्वद वेळा एकच: दोन्हीकडचे टाइप तंतोतंत सारखे नाहीत. एकीकडे इंट, दुसरीकडे बिगइंट. एकीकडे साइन्ड, दुसरीकडे अनसाइन्ड. पीएचपीतलं लारावेल हे फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना हे हमखास भेटतं, कारण ५.८ आवृत्तीपासून नव्या मायग्रेशनमध्ये (टेबल बनवणाऱ्या-बदलणाऱ्या फाइलमध्ये) क्रमांक बिगइंट अनसाइन्ड होऊ लागला आणि जुनी टेबलं इंटच राहिली. कॉलम मजकुराचे असतील तर कॅरेक्टर सेट आणि कोलेशन (अक्षरांचा संच आणि त्यांच्या तुलनेचे नियम) ताडून बघा. तरीही कळलं नाही तर ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ चालवा आणि त्यातला ‘लेटेस्ट फॉरिन की एरर’ हा भाग वाचा. तिथे खरं कारण लिहिलेलं असतं.

१४५२ आली तर अडचण टाइपची नसून डेटाची असते. कर्ज आहे, पण त्या क्रमांकाचा सभासदच नाही. असे पोरके रेकॉर्ड असे शोधा:

सिलेक्ट क.* फ्रॉम कर्ज क लेफ्ट जॉइन सभासद स ऑन स.क्र = क.सभासद_क्र व्हेअर स.क्र इज नल;

या ठिकाणी नेटवरचा लाडका सल्ला म्हणजे ‘सेट फॉरिन_की_चेक्स = ०’ करा, काम उरका, पुन्हा १ करा. काम उरकतं खरं. पण पुन्हा १ केल्यावर मधल्या काळात आलेल्या नोंदी मायएसक्यूएल तपासत नाही. फॉरिन की दिसते, पोरके रेकॉर्डही आत असतात, आणि आता कोणाला संशयही येत नाही. डंप आत घेताना ही सोय वापरावी, एरर दाबायला वापरू नये.

‘ऑन डिलीट कॅस्केड’बद्दल माझं मत स्पष्ट आहे: पैशाच्या टेबलांवर ते नकोच. चुकून एक सभासद डिलीट झाला की त्याची कर्जं गेली, कर्जांचे हप्ते गेले. वर मायएसक्यूएल ८.० मध्ये कॅस्केडने उडालेल्या नोंदींवर ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) चालत नाहीत, म्हणजे ‘कोणी काय डिलीट केलं’ हे टिपणारा ट्रिगर लावून निश्चिंत बसलेल्यांच्या हाती कोरा कागद येतो. सभासद डिलीट करायचाच कशाला? स्थिती ‘बंद’ करा.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी एक ओळ: फॉरिन कीच्या कॉलमवर इंडेक्स आपोआप बनत नाही, मायएसक्यूएलमध्ये बनतो. मोठ्या टेबलात एक सभासद काढायला मिनिटं लागत असतील तर कर्जाच्या टेबलावर तो इंडेक्स आहे का बघा.

मॉडिफाय: एक बदलायला गेलो, तीन पुसले

ही चूक जवळून बघण्यासारखी आहे. सभासदांच्या टेबलात हा कॉलम आहे:

स्थिती वारचार(८) नॉट नल डिफॉल्ट 'चालू'

‘थकबाकीदार’ हा शब्द आठ चिन्हांत मावेना (मोजून बघा, नऊ होतात), म्हणून लांबी वाढवायला कोणीतरी हे चालवलं:

ऑल्टर टेबल सभासद मॉडिफाय स्थिती वारचार(२०);

क्वेरी ओके. लांबी वाढली. पण मायएसक्यूएलमध्ये मॉडिफाय म्हणजे कॉलमची अख्खी व्याख्या नव्याने देणं. जे लिहिलं नाही ते गेलं. नॉट नल गेलं, डिफॉल्ट गेला, कॉमेंट असेल तर तीही गेली. दुसऱ्या दिवसापासून नोंदवलेल्या सभासदांची स्थिती नल. कुठेही एरर नाही.

मग वार्षिक सभेच्या नोटिसांसाठी यादी काढली: ‘व्हेअर स्थिती <> 'बंद'’. नवे सभासद त्यात नाहीत. नल आणि ‘बंद’ यांची तुलना ‘माहीत नाही’ ठरते, आणि व्हेअर फक्त ‘खरं’ असलेल्यांनाच आत घेतं. चेक ‘माहीत नाही’ला सोडतो आणि व्हेअर अडवतो, हा उलटेपणा लक्षात ठेवला तर नलचे निम्मे घोळ आधीच ओळखता येतात. नोटीस न मिळालेला सभासद सभेत उभा राहून विचारतो, तेव्हा ऑल्टर चालवून महिने झालेले असतात आणि त्या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. आधी ‘अपडेट सभासद सेट स्थिती = 'चालू' व्हेअर स्थिती इज नल’, पण त्या नोंदी खरंच चालू सभासदांच्या आहेत याची खात्री करून. मग पूर्ण व्याख्येसह मॉडिफाय. पुढच्या वेळी ‘शो क्रिएट टेबल’मधली ती ओळ कॉपी करा, त्यात फक्त ८ चं २० करा आणि तीच मॉडिफायला द्या. पोस्टग्रेसमध्ये ‘ऑल्टर कॉलम स्थिती टाइप वारचार(२०)’ फक्त टाइपच बदलतं, बाकीला हात लावत नाही.

याच कुटुंबातली आणखी दोन. ‘क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’ला जुनं टेबल सापडलं तर ते काहीच करत नाही. नवा कॉलम फाइलमध्ये आहे, टेबलात नाही, आणि कमांड यशस्वी. आणि ‘क्रिएट टेबल … ॲज सिलेक्ट’ने घेतलेली प्रत म्हणजे नुसता डेटा. प्रायमरी की, इंडेक्स, फॉरिन की मागेच राहतात. ती प्रत पुढे मूळ टेबल म्हणून वापरायची असेल तर नियम पुन्हा लावल्याशिवाय वापरू नका.

छोट्या पण वेळखाऊ

लॅपटॉपवर चाललेलं लिनक्स सर्व्हरवर गेलं की ‘टेबल डझन्ट एक्झिस्ट’. विंडोजवरचं मायएसक्यूएल टेबलांच्या नावातलं मोठं-लहान रोमन अक्षर बघत नाही, लिनक्सवरचं बघतं. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा, प्रश्न मिटला. ऑर्डर, ग्रुप, युजर ही नावं टेबलांना देऊ नका, असे शब्द डेटाबेसांनी स्वतःच्या कमांडसाठी राखून ठेवलेले असतात.

पोस्टग्रेसमध्ये जुना डेटा क्रमांकांसकट आत घेतला आणि पहिलाच नवा सभासद ‘डुप्लिकेट की’ म्हणून नाकारला गेला, तर टेबल ठीक आहे, सिक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारा मोजणीदार) मागे राहिला आहे. आपण हाताने दिलेले क्रमांक त्याला कळत नाहीत, तो अजून १ वरच उभा असतो. सेटव्हॅल फंक्शनने त्याला सध्याच्या कमाल क्रमांकावर आणून ठेवा.

चालू सर्व्हरवर ऑल्टर

टेस्टवर क्षणात झालेला ऑल्टर लाइव्हवर लटकतो आणि त्यामागोमाग अख्खं ॲप लटकतं. टेबल मोठं असेलच असं नाही. कोणीतरी सकाळी एक ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या कमांडचा गट) उघडून सभासदांवर सिलेक्ट मारलं, कमिट (पक्कं) न करता चहाला गेला. तुमचा ऑल्टर त्याच्या मागे थांबतो, आणि नंतर आलेली प्रत्येक साधी क्वेरी ऑल्टरच्या मागे. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ला ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ दिसतं. किती वेळ थांबायचं हे ठरवणाऱ्या लॉक_वेट_टाइमआउटचं मूळ मूल्य ३१५३६००० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण एक वर्ष! ऑल्टरच्या आधी त्या सेशनपुरतं ते पाच सेकंदांवर आणा. पोस्टग्रेसमध्ये ‘सेट लॉक_टाइमआउट = '५एस'’. जमलं नाही तर कमांड स्वतःच मागे हटेल, ॲप चालू राहील, आणि उघडं ट्रान्झॅक्शन शोधून बंद केल्यावर पुन्हा प्रयत्न करता येईल.

पोस्टग्रेसमध्ये मोठ्या टेबलावर चेक किंवा फॉरिन की लावताना दोन टप्पे करा. आधी ‘नॉट व्हॅलिड’सह, म्हणजे नव्या नोंदींना नियम लगेच लागू आणि जुन्यांची तपासणी पुढे ढकलली. मग सवडीने ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’, ज्यात जुना डेटा तपासला जात असताना लोकांचं वाचणं-लिहिणं चालू राहतं.

आणि रोलबॅकवर (केलेले बदल मागे घेण्यावर) किती भरवसा ठेवायचा हे डेटाबेस बघून ठरवा. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप, ट्रंकेट यांतलं काहीही चालवलं की त्याआधीचं सगळं आपोआप कमिट होतं. पाच ऑल्टरची फाइल तिसऱ्यावर पडली तर पहिले दोन झालेले असतात, आणि पुन्हा फाइल चालवली की पहिल्यालाच ‘डुप्लिकेट कॉलम नेम’. अशा वेळी फाइल पुढून चालू करण्याआधी टेबल सध्या कुठल्या अवस्थेत आहे ते बघणं भाग आहे. एका फाइलमध्ये एकच बदल ठेवला तर ही वेळच येत नाही.

पोस्टग्रेसमध्ये ऑल्टरही रोलबॅक होतो, आणि ही सोय कॉलम काढताना सोन्यासारखी आहे. ‘ड्रॉप कॉलम’ दिलं आणि कुठला व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) त्या कॉलमवर अवलंबून असला, तर पोस्टग्रेस नकार देतं आणि खाली एक सूचना छापतं: अवलंबून असलेल्या गोष्टीही काढायच्या असतील तर ड्रॉपला कॅस्केड जोडा. घाईतला माणूस ती सूचना उपाय समजून जशीच्या तशी पाळतो, आणि दुसऱ्या दिवशी थकबाकीचा रिपोर्ट उघडत नाही. त्याऐवजी आधी ‘बिगिन’ लिहा, मग कॅस्केडसह कमांड चालवा. काय काय उडतंय त्याची ‘ड्रॉप कॅस्केड्स टू’ अशी यादी समोर येते. ती वाचून लगेच ‘रोलबॅक’ करा, कारण तोवर टेबलावर लॉक बसलेलं असतं. यादीतला प्रत्येक व्ह्यू कोण वापरतं ते विचारून या, त्याची व्याख्या कॉपी करून ठेवा, आणि मगच कॉलमला पुन्हा हात लावा.